जुन्या विमानाचा सातबारा

आमच्या घराण्यात कुठली वस्तू जुनी चालते आणि कुठली नवीच लागते, याचे संकेत ठरलेले होते. क्रमिक पुस्तकं जुनी, सायकल जुनी, शिवणयंत्र जुनं, वडिलांचा कोट तर आजोबांच्या मापाचा. नव्या फक्त दोन गोष्टी : चपला आणि औषधं. त्यातल्या चपलाही थोरल्याचा पाय वाढला की धाकट्याकडे येत, आणि खोकल्याची निम्मी बाटली मागच्या पावसाळ्यातली असे. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसानं पुढे बँकेत नोकरी धरावी आणि तिथेही त्याच्या टेबलावर जुन्या यंत्रांवरच्या कर्जाचे अर्ज यावेत, हा नुसता योगायोग मानायला मी तयार नाही.

एकदाच मी या शास्त्रात आपटलो. १९८३ साली मी जुनी फियाट घेतली. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. गाडीचा रंग, मालकाचा स्वभाव आणि मागच्या काचेवरचा गणपती पाहून मी व्यवहार पक्का केला. पंधरा दिवसांनी खंबाटकी घाटात गाडी बसली. मेकॅनिकनं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि तिथूनच तो बोलला, “साहेब, हा मीटर पाच आकडी आहे. लाख झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ही गाडी एक लाख एक्केचाळीस हजार चाललीय.” मग डोकं बाहेर काढून, इंजिनाकडे पुन्हा एकवार पाहून त्यानं दुरुस्ती केली, “दोन लाख एक्केचाळीस.” तेव्हापासून मी वस्तू पाहत नाही, कागद पाहतो.

हा सगळा पूर्वेतिहास सांगायचं कारण म्हणजे आमचे साडू. साडू हे नातं आपल्याकडे जरा विचित्रच. रक्ताचं नाही, निवडीचं नाही. एकाच सासऱ्यानं दोघांना गाठलं एवढाच काय तो संबंध. आमचे साडू अण्णा इचलकरंजीचे. सुरुवात चार जुन्या मागांवर. पुढे स्वित्झर्लंडहून तिथल्या गिरण्यांनी टाकून दिलेले, धोट्याशिवाय चालणारे सुल्झर माग गावात येऊ लागले, तेव्हा अण्णांनी ते घेतले. नवे माग घेणारे त्यांच्या बरोबरीचे लोक बँकेच्या व्याजात गेले. अण्णा जुन्यावर विणत राहिले आणि आज त्यांच्या फाटकात एकाच वेळी पाच ट्रक उभे असतात. त्यामुळे जुन्या वस्तूवर त्यांचीही श्रद्धा. फक्त माझी श्रद्धा शिवणयंत्रापाशी थांबली, त्यांची थांबली नाही.

गेल्या वर्षी अण्णा अचानक पुण्याला घरी आले. काखेत फुगलेली फाईल. चहा घेतला, घाम पुसला आणि म्हणाले, “पावणं, जुन्या मशिनरीची कागदं तुम्ही तपासत हुता नव्हं?”

“होतो की.”

“मग एवढी तपासा. मशिनच हाय. उडतंय, एवढाच फरक.”

फाईलच्या पहिल्या पानावर एका पांढऱ्याशुभ्र जेट विमानाचा फोटो होता. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातली चिमट्यातली पोळी तिथेच थंड झाली.

जाहिरातीत ज्याला ‘मिडसाईझ बिझनेस जेट’ म्हणतात ते म्हणजे असं : दोन वैमानिक, सातआठ प्रवासी, मागच्या बाजूला दोन इंजिनं, तासाला साडेसातशे किलोमीटरच्या आसपास वेग. आत उभं राहता येतं, पण ताठ मानेनं नव्हे. अण्णांची उंची पाच फूट चार इंच, तेव्हा त्यांना तो प्रश्न नव्हता. भाव ऐकून मात्र मी चमकलो. भाव फार जास्त होता म्हणून नव्हे, अपेक्षेपेक्षा कमी होता म्हणून. नवं विमान जेवढ्याला मिळतं त्याच्या पाव भागातही नाही. एवढी मोठी वस्तू इतकी स्वस्त का, हा प्रश्न बँकेच्या माणसाला झोपू देत नाही. मी तीन आठवडे मागून घेतले आणि वाचायला बसलो. पुढे जे लिहितो आहे ते त्या तीन आठवड्यांचं फलित.

पहिला शोध असा लागला की ही जात जन्मापासूनच सेकंडहँड आहे. लिअरजेट हे नाव आपण सिनेमात ऐकलेलं असतं. त्याचा कर्ता बिल लिअर हा अमेरिकन गृहस्थ, मोटारीत वाजणारी आठ ट्रॅकची टेप काढणारा तोच. त्याच्या जेटचं मूळ स्वित्झर्लंडमध्ये. स्विस लोकांनी पी-१६ नावाचं लढाऊ विमान करायला घेतलं होतं. त्याचे अपघात झाले आणि १९५८ साली सरकारनं मागणी रद्द केली. झालं, पंख तयार, गिऱ्हाईक नाही. लिअरसाहेबांनी त्या पंखांवरून आपली कल्पना उचलली आणि ७ ऑक्टोबर १९६३ रोजी कॅन्सास राज्यातल्या विचिटा गावी पहिलं लिअरजेट उडालं. पुढच्या जूनमध्ये ते एका चाचणीत पडलंही. माणसं वाचली, आणि विम्याचे पैसे कंपनीच्या नेमके अडचणीच्या वेळी कामाला आले. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “स्वित्झर्लंडचा जुना माल कधी वाया जात न्हाई. माझं सुल्झर बघा की.”

पण लिअरजेट आकारानं लहान. मधल्या आकाराचा खरा नमुना पाहायचा तर फ्रान्समध्ये जायला हवं. तिथे दासो कंपनीनं मिस्टेअर-२० नावाचं विमान केलं आणि ४ मे १९६३ रोजी ते बोर्दोजवळ मेरिन्याकला प्रथम उडालं. त्याच दिवशी ते पाहायला पॅन अमेरिकन कंपनीचा सल्लागार म्हणून एक गृहस्थ हजर होते. ते म्हणजे चार्ल्स लिंडबर्ग. १९२७ साली साडेतेहतीस तास एकट्यानं विमान चालवत न्यूयॉर्कहून पॅरिसला उतरलेले. आता या लिंडबर्गसाहेबांचं पहिलं स्वतःचं विमान कुठलं, तर १९२३ साली घेतलेलं, सैन्यानं काढून टाकलेलं जुनं कर्टिस जेनी, किंमत ५०० डॉलर! म्हणजे परीक्षक आपल्याच पंथाचा. त्यांनी त्या फ्रेंच विमानाभोवती फेरी मारली आणि आपल्याला हवा तो पक्षी सापडला, अशा अर्थाची तार अमेरिकेला ठोकली. पॅन अमेरिकननं ४० विमानांची पक्की मागणी दिली, आणखी १२० चा हक्क राखून ठेवला. ‘मिस्टेअर’ हे नाव अमेरिकन जिभेला वळेना, म्हणून विमानाचं बारसं पुन्हा झालं आणि ते ‘फाल्कन’ म्हणजे ससाणा झालं. मुलीचं नाव सासरी बदलतात, तसं.

या फाल्कनच्या संसाराची कथा मला सर्वांत आवडली. अमेरिकेत फ्रेड स्मिथ नावाच्या तरुणानं १९७० साली विमानदुरुस्तीची एक कंपनी ताब्यात घेतली आणि जुन्या जेटच्या खरेदीविक्रीला लागला. दलाली करता करता त्याच्या मनात आलं, की ही विमानं साहेबांना गोल्फ खेळायला नेण्यापेक्षा रात्री पार्सलं वाहायला काय वाईट? १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिसहून १४ फाल्कन उडाली. जमलेली पार्सलं किती, तर १८६. म्हणजे विमानामागे तेरा-चौदा! आमच्या एस.टी.च्या टपावर यापेक्षा जास्त माल असतो. कंपनी इतकी टेकीला आली, की पेट्रोलचं बिल भागवायला स्मिथ शिल्लक ५ हजार डॉलर घेऊन लास वेगासला गेला आणि पत्त्यांत २७ हजार करून परत आला, असं त्याचे सहकारीच सांगतात. मी बँकेत असताना असा कर्जदार आला असता तर त्याच्या अर्जावर काय शेरा मारला असता, ते इथे लिहीत नाही. ती कंपनी म्हणजे फेडेक्स. पुढे १९७७ साली मालवाहतुकीवरची बंधनं उठली, तेव्हा त्यांनी मोठी विमानं घेतली, तीही जुनीच. पहिल्या फाल्कनला स्मिथनं आपल्या मुलीचं, वेंडीचं, नाव दिलं होतं. ते आज वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या विमानसंग्रहालयात आहे.

हा भाग अण्णांना सांगायला नको होता. त्यांनी लगेच विचारलं, “म्हंजे परतीला सूत भरून आणता यील?”

दुसरीकडे एल्व्हिस प्रेस्ली. १९७५ साली या गायकानं एका विमानकंपनीचं जुनं कॉनव्हेअर-८८० घेतलं, अडीच लाख डॉलरला. मग आत पलंग, सोन्याचा मुलामा दिलेली पट्ट्यांची बक्कलं, हात धुवायच्या बेसिनातही सोन्याचे कण. नाव मुलीचं : लिसा मेरी. (जुन्या विमानाला मुलीचं नाव द्यायची ही पद्धत जागतिक दिसते. अण्णांना तीन मुली.) हे सजेपर्यंत धीर निघेना, म्हणून मध्येच एक जुनं जेटस्टार घेतलं. ही दोन्ही आज त्याच्या घराच्या आवारात लोक तिकीट काढून पाहतात. पण त्याचं आणखी एक जेटस्टार होतं, १९६२ सालचं, आतून लाल मखमलीचं. ते न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलच्या वाळवंटात चाळीसएक वर्षं उभं राहिलं. इंजिनं गेली, मखमल राहिली. जानेवारी २०२३ मध्ये लिलावात ते २ लाख ६० हजार डॉलरला गेलं, आणि घेणाऱ्यानं पंख कापून त्याला चाकं लावली. आता ते रस्त्यावरून फिरतं. जेटची बस झाली! त्या मखमलीवर बसून कुणी कोल्हापूर ते पणजी करायला हरकत नाही.

आणि वॉरन बफे. पैशाला पैसा जोडण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नाही, असे हे गृहस्थ. आयुष्यभर इतरांच्या कंपनीविमानांची टिंगल केली आणि १९८६ साली स्वतःच एक जुनं घेतलं, साडेआठ लाख डॉलरला. भागधारकांना वार्षिक पत्रात कळवणं भाग होतं. तेव्हा ही बातमी मुंगीच्या आकाराच्या अक्षरात छापली. आमच्या पतपेढीचे चेअरमन सहलीचा खर्च असाच ताळेबंदाच्या तळाशी छापत, तेव्हा ही कला बफेंची एकट्याची नव्हे. तीन वर्षांत ते विमान विकून दुसरं घेतलं, तेही जुनंच, पण ६७ लाख डॉलरला; म्हणजे जवळजवळ आठपट. त्याचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं ‘इन्डिफेन्सिबल’. म्हणजे ज्याचं समर्थन कोणत्याही तोंडानं करता येणार नाही असं. त्यांचे भागीदार चार्ली मंगर यांची चैनीच्या प्रवासाची कल्पना वातानुकूलित बसपलीकडे जात नाही, असंही बफेंनीच त्या पत्रात लिहिलं. आमच्या घरात या मंगरसाहेबांबद्दल एकदम आदर उत्पन्न झाला. ही म्हणाली, “बघा, शहाणी माणसं तिकडेही आहेत.”

याच बफेंनी १९९५ मध्ये आणखी एक पायरी उतरून पाहिली. रिचर्ड सॅन्टुली नावाच्या गणितज्ञानं १९८६ साली विमानाचे हिस्से विकायला सुरुवात केली होती. एक विमान, अनेक मालक. ज्यानं चौथा हिस्सा घेतला त्याला वर्षाला २०० तास. महाबळेश्वरचा वडिलोपार्जित बंगला चार भाऊ वाटून वापरतात, तसं. फक्त आपल्याकडे मे महिन्यात चारी भाऊ एकदम पोचतात आणि तिकडे गणितज्ञानं तो प्रश्न सोडवला होता. बफेंच्या कुटुंबानं हॉकर-१००० या मधल्या आकाराच्या जेटचा असा पाव हिस्सा घेतला आणि त्यांना तो इतका मानवला, की १९९८ साली त्यांनी ती सगळी कंपनीच विकत घेतली, साडेबाहत्तर कोटी डॉलरला. याच कंपनीचे एके काळचे अध्यक्ष कोण, तर पॉल टिबेट्स, हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक. माणूस आयुष्यात कुठून कुठे येऊन उतरतो!

इतकं वाचून झाल्यावर मी हिशेबाला बसलो. या धंद्यातले लोक ढोबळ मानानं सांगतात, की वर्षाला दोनएकशे तास उडणं नसेल तर विमान घेऊ नये, भाड्यानं करावं. भाड्यात तासाचे पैसे, मुक्कामाचे पैसे, शिवाय विमान तुम्हाला सोडून रिकामं परत जातं त्याचेही पैसे. अण्णांना हे लगेच समजलं, ट्रकवाल्याला ‘परतीचं भाडं’ शिकवावं लागत नाही. मी त्यांच्या वर्षभराच्या कामाची यादी केली. मुंबई, दिल्ली, सुरत, तिरुपती धरून तास भरले एकेचाळीस. तिरुपतीला दोनदा गेले तर चव्वेचाळीस.

आणि विमान उभं राहून खातं. दोन वैमानिकांचे पगार, विमा, हँगरचं भाडं, वैमानिकांना ठरावीक काळानं सिम्युलेटरवर पाठवायचं तो खर्च. उडालं तर तासाला हजारेक लिटर इंधन. न उडालं तरी महिने मोजून करायच्या तपासण्या आहेतच. यंत्र वापरलं नाही तर झिजत नाही, ही समजूत विमानाला लागू नाही. त्याची काही कामं तासांवर, काही उतरण्याच्या संख्येवर आणि काही नुसत्या कॅलेंडरवर येतात. त्यावर आपल्याकडचा कर. सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे गोड सोड्याच्या बाटल्यांच्या पंक्तीला नेऊन बसवलेलं. भाड्यानं द्यायच्या परवान्यावर आणलं तर कर बराच कमी. पण मग कुणाच्याही लग्नाचं वऱ्हाड नाकारता येत नाही. शिवाय किती जुनं विमान देशात आणू द्यायचं, यालाही मर्यादा आहे.

स्वस्ताईचं कोडं इथे सुटलं. जुन्या विमानाची किंमत ही किंमत नसतेच. ते फक्त दारात हत्ती बांधायचं लायसन. कधीकधी तर हत्ती धडधाकट असतो आणि लायसनच जातं. अमेरिकेत असं झालं. हलक्या वजनाच्या जुन्या जेटचा आवाज फार, म्हणून २०१५ च्या अखेरीनंतर ती तिथे उडवायला बंदी आली. ३१ डिसेंबरला उत्तम स्थितीत असलेली विमानं १ जानेवारीला भंगार झाली. एक खिळा सैल न होता! ज्यांना जमलं त्यांनी आवाज दाबायची उपकरणं बसवली, काहींनी इंजिनं बदलली.

हे सगळं घेऊन मी इचलकरंजीला गेलो. वाटलं होतं अण्णा हसतील, टाळी देतील आणि फाईल बंद करतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खर्चाचं मला म्हाईत हाय. तुमास्नी इचारलंय ते कागद बरोबर हाईत का न्हाई.”

आतल्या खोलीत आमच्या सासूबाई झोपल्या होत्या. वय ८८. मुलगा नाही, म्हणून गेली सात वर्षं अण्णांकडेच. दोनदा छातीत दुखून गेलेलं. अण्णांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “२००९ ला आई गेली तवा तुम्ही पुण्यात दवाखान्याच्या दारात हुबं हुता.”

होतो. जुलैची रात्र होती. अण्णांच्या आईला ॲम्ब्युलन्समधून पुण्याला आणत होते. मी पहाटे चारपर्यंत त्या दारात उभा होतो. गाडी आली, पण त्या कराडच्या पुढेच गेल्या होत्या.

आता मला बोलणं भाग होतं. मी म्हणालो, “अण्णा, त्या रात्री तुमच्या दारात विमान असतं तरी उपयोग नव्हता. आपल्या जवळच्या विमानतळावर तेव्हा रात्रीची सोय नव्हती. पाऊसही होता.”

“म्हाईत हाय,” अण्णा म्हणाले. “त्या रात्री मी फोन केलता. सोळा वर्सं म्हाईत हाय.”

यावर बँकेच्या नियमावलीत काही नाही. मी चष्मा पुसला आणि कागद पुढ्यात ओढले. त्या दिवसापासून मी ती फाईल खऱ्या अर्थानं वाचू लागलो.

जुन्या विमानाचा व्यवहार हा थेट आपल्या जमिनीच्या व्यवहारासारखा असतो. अमेरिकन विमानांचा तलाठी ओक्लाहोमा सिटी या गावात बसतो. देशातल्या झाडून सगळ्या नागरी विमानांची नोंद तिथे. कोणत्या विमानावर कुणाचा बोजा आहे, ते तिथल्या दप्तरात पाहायचं. म्हणजे सातबाराच. त्यामुळे घेणाऱ्याची अनामत सांभाळणारे त्रयस्थ लोकही त्याच गावात दुकानं थाटून बसले आहेत, तहसील कचेरीबाहेर मुद्रांकवाले बसतात तसे. अनामत त्यांच्याकडे ठेवायची. मग आपल्या पसंतीच्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या कारखान्यात विमान तपासायचं. इंजिनाच्या पोटात बोअरस्कोप नावाची बारीक दुर्बीण घालून पाती पाहतात, गंज पाहतात, चाकांचे पाय पाहतात. पसंत नाही म्हटलं तर अनामत परत. एकदा ‘पसंत’ अशी सही केली की ती सहसा परत नाही. मुलगी पाहणं आणि साखरपुडा यांच्यात जो फरक, तोच.

आणि जन्मपत्रिका. विमानाच्या प्रत्येक तासाची, प्रत्येक उतरण्याची नोंद लॉगबुकात असते. काही भागांचं आयुष्य मोजून ठरलेलं. त्यांचा कारखान्यातल्या जन्मापासूनचा पुरावा लागतो. पुरावा नाही, तर भाग कितीही चकचकीत असो, त्याला मोल नाही. अपघात लपवता येत नाही, निदान लपवू नये. ७ ऑगस्ट १९८८ रोजी बोट्स्वानाचे अध्यक्ष मसिरे यांच्या ब्रिटिश बनावटीच्या मधल्या आकाराच्या जेटवर अंगोलाच्या आकाशात तिथल्याच लढाऊ विमानानं चुकून क्षेपणास्त्र सोडलं. एक इंजिन उडून गेलं. अध्यक्ष जखमी झाले, पण वैमानिकानं उरलेल्या इंजिनावर विमान एका आडगावच्या धावपट्टीवर उतरवलं. अशी नोंद ज्याच्या पत्रिकेत आहे ते विमान मी तरी मानानं घरात घेईन. अण्णांच्या विमानात क्षेपणास्त्र नव्हतं. तिथे काहीच नव्हतं, हीच अडचण होती.

चौदा महिन्यांची पानं नव्हती. दलालाला विचारलं. त्याचं उत्तर गोड शब्दांत आलं : आधीच्या मालकाचं ऑफिस हलवताना कागद इकडेतिकडे झाले, विमान त्या काळात उभंच होतं, काळजी नसावी. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सही द्यावी, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. हे ‘दुसरं गिऱ्हाईक’ मी पस्तीस वर्षं ओळखतो. फियाटच्या वेळीही तेच होतं.

मी कोरा कागद घेतला आणि जुन्या सवयीनं आकडे मांडले. गहाळ पानांच्या आधी विमानाची एकूण उतरणी ४३१२. गहाळ पानांनंतरच्या पहिल्या नोंदीत एकूण उतरणी ४२९०. मी तीनदा पाहिलं. मग अण्णांना बोलावलं आणि दोन्ही आकड्यांखाली बोट ठेवलं.

अण्णा बराच वेळ पाहत राहिले. त्यांचं शिक्षण सातवी, पण कापडातला तुटलेला धागा त्यांना पाठमोऱ्या बाजूनं दिसतो. “बावीस कमी झाल्यात,” ते म्हणाले. “इमान बावीस येळा उतरलंच न्हवतं म्हनायचं?”

“तसं तरी नाही तर हे आकडे दुसऱ्याच वहीतून उतरवलेत. चाकांच्या पायांची दुरुस्ती या आकड्यावर ठरते. तुमच्या सासूबाईंना यात बसवाल?”

“तुमच्या बी सासूबाई हाईत,” अण्णा म्हणाले आणि फाईलची नाडी बांधली.

शुक्रवारी सही गेली नाही. तीन आठवड्यांनी ओक्लाहोमाहून अनामत परत आली, मधल्या बँकांनी आपापलं शुल्क कापून. या कापाकापीबद्दल मी अण्णांसमोर चार शब्द समर्थनाचे बोललो. जातीसाठी माती खावी लागते.

दलालानं व्यवहाराच्या आशेनं आधीच भेट म्हणून विमानाचं वीतभर मॉडेल पाठवलं होतं. ते आता टीव्हीवर आहे. येताना एक पंख मोडला होता, तो अण्णांनी चिकटवला. सासूबाईंनी त्याला धुळीसाठी क्रोशाचं आवरण विणून घातलंय. घरात कुणी आलं की त्या ते अलगद काढून दाखवतात आणि सांगतात, “माझ्यासाठी थोरले जावई घेणार होते. धाकट्यानं घेऊ दिलं नाही.”

भिंतीवरच्या कॅलेंडरवर अण्णांनी लाल शाईनं एक टेलिफोन नंबर लिहून ठेवलाय. एका एअर ॲम्ब्युलन्सवाल्याचा. त्यांच्याकडेही जुनंच जेट आहे; त्याचे कागद मी स्वतः जाऊन पाहून आलो, त्यांनी जेवढे दाखवले तेवढे. दर महिन्याच्या एक तारखेला अण्णा त्या नंबरला फोन करतात, लागतोय का बघायला. पलीकडचा मुलगा आता त्यांना आवाजावरून ओळखतो आणि आधी सासूबाईंची प्रकृती विचारतो.